कोरम, तहकूब सभा आणि ओढ्याचा ठराव

२०२५च्या सप्टेंबरात मांजरा, सीना, सिंदफणा, गोदावरी, सगळ्याच पात्र सोडून शिवारात शिरल्या. ओढा खोल करा, नळकांडी पूल काढून मोठा पूल बांधा, नाल्यावरची अतिक्रमणं हटवा, हे विषय नदीकाठच्या गावांत ग्रामसभेला निघतातच. विषय रास्त असतात, भाषणंही दणक्यात होतात. पुढे कुणीतरी तक्रार करतो आणि ठराव पंचायत समितीच्या टेबलावर लटकतो. कोरम (सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) नव्हता, नोटीस वेळेत लागली नव्हती, ज्याचं अतिक्रमण आहे त्यानेच हात वर केला, प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) वाचून नेमकं काय ठरलं तेच कळत नाही. घोळ ठरलेले आहेत आणि बहुतेक टाळता येण्यासारखे आहेत.

मुळात कुठल्या गोष्टी मताने ठरतात आणि कुठल्या ठरतच नाहीत, ते आधी वेगळं काढू. निम्मा वेळ तिथेच वाया जातो.

जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे किती उचलायचे, हे जलसंपदा विभागाचे अभियंते जलाशय परिचालन सूची (धरणात कधी किती पाणी ठेवायचं याचं वेळापत्रक) आणि वरून येणारी आवक बघून ठरवतात. ‘आमच्या गावात पाणी शिरतं, विसर्ग थांबवा’ हा ठराव अख्ख्या गावाने एकमुखाने केला तरी ती विनंतीच राहते. विनंतीच करायची तर कामाची करा. किती क्युसेक विसर्गाला आपल्या पुलावरून पाणी जातं हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असतं. तो आकडा ठरावात घाला आणि तेवढा विसर्ग सोडण्याआधी किती तास, कुणाकुणाच्या फोनवर कळवायचं ते मागा. असं पत्र पूरनियंत्रण कक्षात कुणीतरी वाचतं तरी.

पूररेषेचंही तसंच. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. सभेत हात वर करून ती रेषा चार घरं पलीकडे सरकत नाही. अतिवृष्टीची नोंदही मतावर होत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि पिकाचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून करतात. ‘ओला दुष्काळ जाहीर करावा’ हा ठराव दर सभेत होतो. तो करावा, पण ती मागणी आहे हे समजून करावा. तेवढ्यासाठी कोरमवरून भांडणं करू नयेत.

ऐन पुरात निर्णय घ्यायचा अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५च्या कलम २५ प्रमाणे जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, आणि अध्यक्षाखेरीज जास्तीत जास्त ७ सदस्य. कलम २७ म्हणतं की गरज पडेल तेव्हा, अध्यक्षांना योग्य वाटेल त्या वेळी आणि ठिकाणी बैठक घ्यावी. त्यात कोरमचा आकडा नाही. कलम २६ च्या पोटकलम २ मध्ये त्याहून मोठी मुभा आहे: आणीबाणीत अध्यक्ष प्राधिकरणाचे सगळे अधिकार एकटे वापरू शकतात, फक्त नंतर प्राधिकरणाने त्याला कार्योत्तर मंजुरी द्यायची. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते. रात्री दोन वाजता सिंदफणेला पूर आला तर कोरम भरायला कोण बसणार? प्रश्न नंतरचा आहे. ती कार्योत्तर मंजुरी खरंच घेतली का, हे विचारणारं कुणी नसतं. बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं, आणि मागावं.

आता गावाच्या हातात काय उरतं? ओढ्याची साफसफाई, गटारं, गावठाणातल्या मोकळ्या जागा, गावाच्या विकास आराखड्यात कुठलं काम घ्यायचं, वित्त आयोगाचा पैसा कुठे टाकायचा. हे सगळं महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली दोन सभांमधून जातं: ग्रामसभा आणि पंचायतीची मासिक सभा. दोन्हींचा कोरम वेगळा, नोटीस वेगळी. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. गावात ४०० मतदार असतील तर ६० लागतात. ६६० असतील तर ९९. ६६७ च्या पुढे कितीही मोठं गाव असो, १०० वर थांबतं. म्हणजे ५,००० मतदारांच्या गावात अवघ्या २ टक्क्यांत कोरम भरतो आणि छोट्या वाडीला मात्र १५ टक्के माणसं गोळा करावी लागतात. नियमाचा हा बोजा उलटा आहे असं माझं मत आहे, कारण पाणी आधी शिरतं ते बहुतेक वेळा छोट्या वाडी-तांड्यातच. किनवटच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या वेगळ्या कायद्याचे, नियम लागू आहेत. तिथे हा हिशोब धरू नका.

मोजताना धरायचे ते त्या ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेलेच. मंडपात बसलेली पोरं, पाहुणे, कंत्राटदाराची माणसं, कृषी सहायक, बातमीदार, यातलं कुणी कोरममध्ये येत नाही. उलट पुण्याला कामाला गेलेला माणूस यादीत आहे, म्हणून ज्याचे १५ टक्के काढायचे त्या एकूण मतदारांच्या आकड्यात तो राहतोच. बीड जिल्ह्यात हे फार जाणवतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. २६ जानेवारीच्या सभेला ४०० मतदारांच्या तांड्यात २०० माणसं उरली असतील तर ६०चा कोरम त्या २०० मधूनच भरायचा. तिथे पुराच्या कामाचा महत्त्वाचा विषय जानेवारीत ठेवणं म्हणजे तहकुबी ओढवून घेणं. टोळ्या परत आल्यावर, १ मेच्या सभेत घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. रिवाज १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी असा असला तरी विशेष ग्रामसभा मध्ये कधीही बोलावता येते.

१५ ऑगस्टला ‘ओढा साफ करा’ म्हणून ठराव करण्यात काही हशील नाही. मशीन काळ्या रानात उतरत नाही, आणि आपल्याकडचा मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात परतीच्या वाटेवर दणका देतो. पावसाळ्याआधीची कामं १ मे पर्यंत मंजूर, नुकसान आणि पुलाच्या मागण्या २ ऑक्टोबरला, आणि आराखड्यात काम घालायचं तर तेही ऑक्टोबरपासूनच लावून धरायचं.

कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे सगळ्या सरपंचांना पाठ असतं. काही ठिकाणी तर तहकूब सभा हाच बेत असतो: पहिल्या दिवशी मुद्दाम गाजावाजा करायचा नाही, तहकूब करायची, आणि दुसऱ्यांदा आपली पंचवीस माणसं बसवून हवं ते मंजूर करून घ्यायचं. नियमात ते बसतं, पण दोन अटी सांभाळून. एक, तहकुबीची नवी तारीख, वेळ आणि जागा प्रोसिडिंगमध्ये लिहून फलकावर लावलेली हवी. दुसरी, मूळ विषयपत्रिकेत नसलेला एकही विषय तहकूब सभेत घ्यायचा नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ ही शेवटची ओळ तर तिथे अजिबात वापरू नये. पैशाचा किंवा कुणाच्या जागेचा ठराव त्या ओळीखाली घेतला असेल, तर विरोधकाला दुसरा मुद्दा शोधायची गरजच राहत नाही.

माझा सल्ला असा: पूल हवा, विसर्गाची सूचना हवी, पर्जन्यमापक हवा, अशा मागण्या तहकूब सभेत केल्या तरी चालतं. पण कुणाचं पत्र्याचं शेड जाणार आहे, नाल्याचा प्रवाह वळवायचा आहे किंवा मोठा खर्च आहे, तिथे भरलेल्या कोरमचीच सभा घ्या, भले त्यासाठी पुन्हा विशेष ग्रामसभा बोलवावी लागो. ज्याचं नुकसान होणार तो वकिलाकडे जाणारच, आणि वकील पहिल्यांदा हजेरीचं रजिस्टर मागणार.

नोटीस. ग्रामसभेला ७ दिवस आधी, विशेष ग्रामसभेला ४ दिवस. पंचायतीच्या साध्या सभेला ३ पूर्ण दिवस, विशेष सभेला १. ‘पूर्ण दिवस’ म्हटलं की नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजायचं. मासिक सभा ८ तारखेला असेल तर नोटीस उशिरात उशिरा ४ तारखेला सदस्याच्या हातात पडली पाहिजे. ५ ला दिली की एक दिवस कमी पडला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज ही सोय झाली, बजावणी नव्हे. सदस्याची सही, तारीख आणि वेळ रजिस्टरवर घ्या. सदस्य घरी नसेल किंवा सही करत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर दाराला चिकटवून तसा शेरा मारा. ग्रामसभेसाठी दवंडी, चावडीवर आणि वाडी-तांड्यावरच्या फलकावर नोटीस, आणि त्या फलकाचा मोबाइलवर फोटो. फोटोत तारीख दिसली तर उत्तमच.

पंचायतीच्या मासिक सभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा. ९ सदस्य असतील तर साडेचार होतात, म्हणजे ५ लागतात. ४ वर सभा चालत नाही. जागा रिकामी असेल, कुणी राजीनामा दिला असेल, तर काही जण उरलेल्यांच्या निम्मे धरतात. असा हिशोब करू नका. मंजूर जागा धरून मोजलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचालाही एकूण संख्येत धरा. कोरम सुरुवातीला भरला आणि चहानंतर तिघं उठून गेले, असंही होतं. कुणी हरकत घेतली तर अध्यक्षाने तिथल्या तिथे पुन्हा मोजायला हवं. म्हणून वादाचा विषय पहिल्या पानावर घ्यायचा, गाळायचा नाही आणि चहाच्या मागेही ठेवायचा नाही.

मतांचं गणित इथे हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताचं आहे. ९ पैकी ५ हजर, २ बाजूने, १ विरोधात, २ तटस्थ: ठराव मंजूर. तटस्थ राहिलेला कोरममध्ये मोजला जातो, मतांमध्ये नाही. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. त्याने आधी आपलं सदस्य म्हणून मत दिलेलं असलं तरी हे दुसरं मत देता येतं, आणि प्रोसिडिंगमध्ये दोन्ही वेगवेगळी लिहायची. ‘३ विरुद्ध ३, सबब मंजूर’ एवढंच लिहिलेली पानं सर्रास दिसतात. निर्णायक मत कुणी कुठल्या बाजूने दिलं, हे त्यातून कळतच नाही.

अमेरिकेत पुरासाठीच वेगळी स्थानिक मंडळं असतात, आणि त्यांचं गणित जरा कडक आहे. टेक्सासच्या जल संहितेत पाणी जिल्ह्यांच्या मंडळासाठी कोरम बहुमताचा आहेच, शिवाय निर्णयाला हजर असलेल्यांचं नव्हे तर संपूर्ण मंडळाच्या सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. पाच जणांच्या मंडळात तिघंच आले तर तिघांनीही ‘हो’ म्हणायला हवं. एक जरी तटस्थ राहिला तरी निर्णय पडतो. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथलं पूरनियंत्रण पाच जणांच्या काउंटी आयुक्त मंडळाकडे (कमिशनर्स कोर्ट) आहे, आणि कर लावायचा तर किमान चार जण हजर लागतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये दोन सदस्य सभेला आलेच नाहीत आणि बहुमत हातात असूनही उरलेल्या तिघांना करवाढ करता आली नाही. सभात्याग करून कोरम मोडणं ही फक्त आपली कला आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे तहकूब सभेला कोरम लागत नसल्यामुळे ही खेळी एकदाच चालते, पुढच्या वेळी तीच उलटते. विरोधकांनी तहकूब सभेला न येण्याची चूक मात्र करू नये. गैरहजर राहून विरोध नोंदला जात नाही.

हितसंबंध हा सगळ्यात नाजूक भाग. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भागीदारी असलेला सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्र ठरतो. नाला खोलीकरणाचं काम सदस्याच्या भावाच्या जेसीबीला दिलं आणि त्यानेच सूचक म्हणून सही केली, तर ठराव जातोच, पदही धोक्यात येतं. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचंही तेच. कलम १४ (१) (ज-३) त्यासाठीच आहे, आणि कुटुंबाच्या जुन्या अतिक्रमणावर राहणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. अशा सदस्याने विषय निघाला की हितसंबंध सांगावा, बाहेर जावं, आणि ‘अमुक वाजता सभागृह सोडले, अमुक वाजता परत आले’ अशी नोंद व्हावी. त्याला वगळूनही कोरम भरतो का, ते विषय घेण्याआधीच बघून ठेवा.

आणि ठराव कुणाला उद्देशून आहे? त्याच अधिनियमाचं कलम ५३ पंचायतीला सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार देतं. पण ओढ्या-नाल्यांचं पात्र सहसा सरकारी जमीन असते. तिथली कारवाई जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ५० खाली महसूल खातं करतं. ग्रामपंचायतीने स्वतःच जेसीबी लावून ओढ्यातलं कुंपण उपटलं की गुन्हा पंचायतीवरच दाखल व्हायची वेळ येते. ठरावात आधी तालुका भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, मग तहसीलदारांना कारवाईची विनंती, असा क्रम ठेवा. पात्रातली वाळू उचलायची असेल तर गौण खनिजाची परवानगी वेगळी. ‘खोलीकरण’ या नावाखाली वाळू जाते हे तहसीलला चांगलंच माहीत असतं.

प्रोसिडिंग बुकात नेहमी सापडणारं वाक्य असं: ‘गावातील पूर परिस्थितीवर सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.’ याने कुणाचंच काही अडत नाही आणि काही होतही नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘विषय क्र. ३. गावठाणाच्या पूर्वेकडील ओढ्यावर शाळेजवळच्या नळकांडी पुलापासून खालच्या अंगाला ३०० मीटर लांबीत गाळ व बाभळी काढणे. खर्च वित्त आयोगाच्या निधीतून, अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडून घेणे. काढलेला गाळ काठावर न ठेवता गट क्र. ... मध्ये टाकणे. मुदत ३१ मे. सूचक ..., अनुमोदक ... . उपस्थित मतदार ११२, बाजूने ८७, विरोधात १४, तटस्थ ११. बहुमताने मंजूर. सभेची वेळ सकाळी १०.४०.’

गाळ कुठे टाकायचा ही ओळ विसरू नका. काठावर टाकलेला गाळ पहिल्या पुरात परत पात्रात येतो आणि वर शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण. आकडे जुळतात का तेही बघा: ८७, १४ आणि ११ मिळून ११२ झाले पाहिजेत. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरंच सगळ्यांनी हात वर केला असेल तरच वापरा. चौदा जणांचा विरोध झालेला असताना ‘सर्वानुमते’ लिहिलं, तर ते चौदा जण शपथपत्र करायला मोकळे. दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सोडायची नाही. सोडलीच तर आडवी रेघ मारून अध्यक्षाची सही घ्यायची. हजेरीच्या सह्या सभा सुरू असतानाच घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर फिरवून भरलेला कोरम एकाच शाईवरून आणि एकाच वळणाच्या सह्यांवरून ओळखू येतो.

गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावं-वाड्या मिळून एकच पंचायत असते तिथे, एक वेगळीच पंचाईत असते. सभा मूळ गावात, पाणी शिरतं ते ओढ्यापलीकडच्या तांड्यात. मूळ गावातल्या १०० जणांनी कोरम भरतो आणि तांड्याचं एकही माणूस नसताना तांड्याच्या बांधाचा विषय मागे ढकलला जातो. तांड्यातल्या लोकांनी आपल्या प्रभागाची सभा आणि महिला सभा ग्रामसभेच्या आधी लावून धरावी. तिथे झालेली शिफारस लेखी असेल तर ग्रामसभेत ती वाचून दाखवणं टाळता येत नाही. दोन ग्रामपंचायतींच्या हद्दीवरून ओढा वाहत असेल तर दोघांचे वेगवेगळे ठराव, शब्द मात्र एकच. वरच्या गावाने खोली वाढवली आणि खालच्याने काही केलं नाही, तर वरचं पाणी खालच्या गावठाणात जास्त जोरात शिरतं.

ऐन पुरात सरपंचाने जेसीबी बोलावून पुलात अडकलेलं झाड काढलं, तेव्हा सभा घ्यायला वेळ नव्हता हे सगळ्यांना मान्य असतं. बिलाच्या वेळी कुणालाच मान्य नसतं. म्हणून काम सुरू होताना आणि संपल्यावर मशीनच्या तासमीटरचा फोटो काढा, चालकाची सही असलेला लॉगशीट ठेवा, कुणी आणि किती वाजता बोलावलं ते लिहा, आणि दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्या. लगेचच्या मासिक सभेत ‘कार्योत्तर मंजुरी’ हा स्वतंत्र विषय म्हणून विषयपत्रिकेत छापा, ऐनवेळच्या विषयांत घुसडू नका. मंजूर ठरावाची नक्कल गटविकास अधिकारी आणि तहसीलदार दोघांकडे पाठवा, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच बिलाच्या फाइलला लावा.